स्वस्त चिनी इअरफोनांची तुलना : कामाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५

टेबलावर पाच जोड्या आहेत. मूनड्रॉप चू २, सेव्हनहर्ट्झ सालनोट्स झीरो, टांगझू वान-अर, ट्रूथिअर झीरो रेड आणि ब्लॉन बीएल-०३. पहिले तीन बाजारात आले तेव्हा साधारण २० डॉलरचे होते, रेड ५५ डॉलरचा. बीएल-०३ हा २०१९ चा, बाकीचे २०२२-२३ मधले. सगळ्यांत डायनॅमिक ड्रायव्हरच आहेत, म्हणजे छोट्या स्पीकरसारखा पडदा हलवून आवाज काढणारे. रेडमध्ये दोन, इतरांत एकेक.

या इअरफोनांवर हौशी मंडळींत जे वाद होतात ते बहुतेक ‘मला असा ऐकू आला’ इथे येऊन थांबतात. एकाच मॉडेलबद्दल एक जण म्हणतो बेसच नाही, दुसरा म्हणतो बेसने कान बसले. दोघंही खरं बोलत असतात. दोघांच्या कानात तो वेगळा बसलेला असतो, आवाजाची पातळी वेगळी असते आणि मागे लावलेला फोन किंवा अँप वेगळा असतो. हे तीन फरक बाजूला काढल्यावर इअरफोनांचा स्वतःचा फरक किती उरतो, तेवढंच मला पाहायचं आहे.

साहित्य: ७११ कपलरची (आत माइक असलेल्या कृत्रिम कानाची) चिनी नक्कल, साधं साउंड कार्ड, आरईडब्ल्यू हे मोजमापाचं फुकट सॉफ्टवेअर आणि वाजवायला अॅपलचं यूएसबी-सी डोंगल, म्हणजे हेडफोन लावायची छोटी जोडतार. आयईसी ६०७११ हे जुन्या प्रमाणाचं नाव, आता ते ६०३१८-४ आहे. आतल्या पोकळ्या कानातल्या बंद हवेसारख्या वागतात, म्हणून साध्या माइकला रबरी नळी लावून घेतलेल्या ग्राफपेक्षा (कोणता सूर किती मोठा वाजतो त्याच्या वक्रापेक्षा) हा ग्राफ कितीतरी विश्वासाचा. सगळ्या कामात मोठा खर्च या कपलरचाच. तो कमी करायला जाऊ नका.

६ जानेवारी

पहिल्याच स्वीपमध्ये, म्हणजे खालून वर सरकणारा सूर वाजवून मोजताना, ५० हर्ट्झला सुळका, मग १०० ला, मग १५० ला. माइकची केबल बदलली, साउंड कार्ड दुसऱ्या पोर्टला लावलं, फरक नाही. लॅपटॉपचा चार्जर काढला आणि सुळके गेले. अख्खी संध्याकाळ यात गेली. मोजमाप चालू असताना लॅपटॉप बॅटरीवरच ठेवायचा.

८ जानेवारी

आज तुलना अशी केलीच नाही. एकच इअरफोन काढायचा, परत बसवायचा, परत स्वीप घ्यायचा, एवढंच केलं. ग्राफ एकमेकांवर बसायला हवेत. सुरुवातीला अजिबात बसत नव्हते.

गडबड दोन जागी होती. २०० हर्ट्झच्या खाली कधी वक्र सपाट जातो, कधी उताराला लागतो. हा सीलचा, म्हणजे हवाबंद बसण्याचा प्रश्न. टिपेच्या (इअरफोनच्या तोंडाला लावायच्या मऊ टोपीच्या) कडेला केसाएवढी फट राहिली तरी बेस गळतो, आणि जितकं खाली जावं तितका जास्त गळतो. टिपेची कड हलकी ओली केली आणि बसवताना एक पाव फेरा दिला की हे थांबलं.

दुसरी जागा ५ किलोहर्ट्झच्या वरची. तिथे एक ठळक उंचवटा कधी ७ ला, कधी ९ ला. हा उंचवटा इअरफोनचा नसतो. टिपेच्या तोंडापासून माइकपर्यंत जो हवेचा स्तंभ अडकतो, त्याचा तो अनुनाद. इअरफोन खोल बसवला की स्तंभ आखूड होतो आणि उंचवटा वर सरकतो. बाहेर राहिला की खाली येतो. म्हणून मोजणाऱ्यांत शिरस्ता आहे: इअरफोन असा बसवायचा की उंचवटा ८ किलोहर्ट्झवर पडेल. सगळे त्याच खोलीवर मोजले तरच त्यांची तुलना करता येते.

याचा ऐकणाऱ्याशी थेट संबंध आहे. ‘हा बघा, ८ ला टोचतो’ असं म्हणून कोणी ग्राफ दाखवला, तर बहुतेक वेळा तो कपलरचाच उंचवटा दाखवत असतो. तुमच्या कानात तो दुसरीकडे असेल, तुमच्याच डाव्या आणि उजव्या कानात वेगळा असेल. १० किलोहर्ट्झच्या वर तर प्रमाणही हमी देत नाही. तिथल्या ग्राफवर मत बनवायचं नाही, हे मी या कामापुरतं पक्कं केलं.

११ जानेवारी

एका जोडीत डावीकडचा बेस उजवीपेक्षा सरळ ३ डेसिबल जास्त आला. ड्रायव्हर जुळत नाहीत असं समजून ती जोडी बाजूला ठेवणार होतो. त्याआधी भिंगाखाली पाहिलं. टिप बसते त्या नळीच्या मुळाशी, कानाकडच्या बाजूला, सुईने टोचल्यासारखं भोक आहे. पुढच्या कप्प्यातला दाब सोडण्यासाठी ते ठेवलेलं असतं. डावा भाग कपलरमध्ये बसवताना थोडा तिरका बसला होता आणि कपलरची कड त्या भोकावर आली होती. भोक बंद झालं की दाब सुटत नाही आणि बेस वाढतो. थोडी लांब टिप लावली, भोक मोकळं राहिलं, दोन्ही बाजू जुळल्या.

कानातही हेच होतं. ज्याच्या कानाच्या खळग्याची कातडी त्या भोकावर दाबून बसते, त्याला तोच इअरफोन जास्त बेसचा वाटणार. दोघांचे अनुभव उलटे येतात ते इथूनसुद्धा. कानात घालताना ड्रायव्हरचा पडदा चुरचुरल्यासारखा आवाज येतो त्याचं मूळही या दाबातच आहे. पडदा दाबाखाली वाकतो आणि परत येतो. कान किंचित मागे ओढून इअरफोन सावकाश घातला की आवाज येत नाही.

१२ जानेवारी

पातळी जुळवणं. यात चूक राहिली तर पुढचं सगळं वाया, कारण दोनांतला जो किंचित मोठा वाजतो तो माणसाला ‘जास्त स्पष्ट’ वाटतो. मोठा आहे हे लक्षातही येत नाही.

आधी डब्यावरच्या आकड्यांवरून जुळवता येईल का ते पाहिलं. नाही येत. एक कंपनी संवेदनशीलता (ठराविक विजेवर किती मोठा वाजतो ते) डेसिबल प्रति मिलिवॅटमध्ये देते, दुसरी प्रति व्होल्टमध्ये. ३२ ओहमच्या इअरफोनला १०४ डेसिबल प्रति मिलिवॅट लिहिलेलं असेल तर प्रति व्होल्ट ते ११९ होतं, म्हणजे १५ डेसिबलचा फरक निव्वळ एककाचा. १६ ओहमला हाच फरक १८ डेसिबल. नुसते आकडे शेजारी मांडून ‘हा चालवायला सोपा’ म्हणणाऱ्यांनी एवढं आधी तपासावं.

मग कपलरमध्येच जुळवलं. १ किलोहर्ट्झचा एकच सूर वापरला तर ज्याला नेमका तिथे खड्डा आहे तो नंतर मोठा वाजतो. म्हणून ५०० ते २००० हर्ट्झचा पिंक नॉइज, म्हणजे त्या पट्ट्यातले सगळे सूर असलेला सळसळाट. डोंगलच्या आवाजाच्या पायऱ्या फार मोठ्या पडतात, त्यामुळे इक्वलायझर एपीओ या सॉफ्टवेअरमध्ये ०.१ डेसिबलच्या पायरीने कमी-जास्त केलं. पाचही जोड्या आता ०.२ डेसिबलच्या आत आहेत.

१८ जानेवारी

टिपा. सगळ्या कामातला सर्वांत किचकट दिवस, आणि सर्वांत जास्त हाती लागलं तेही आजच.

एकच चू २, तीन टिपा: अरुंद तोंडाची सिलिकॉन, रुंद तोंडाची सिलिकॉन आणि फोम. मोजताना खोली ८ किलोहर्ट्झच्या उंचवट्याने सारखी ठेवली. तरी ३ किलोहर्ट्झच्या वर वक्र फुटायला लागले. रुंद तोंडाची वर राहिली, अरुंद तोंडाची खाली, फोम त्याहून खाली आणि गुळगुळीत. काही पट्ट्यांत तीनांमधलं अंतर ३ डेसिबलपर्यंत जातं. आता चू २ आणि सालनोट्स झीरो यांचे त्याच पट्ट्यातले वक्र शेजारी ठेवले, तर त्यांचं एकमेकांपासूनचं अंतर याहून फारसं जास्त नाही. म्हणजे दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या इअरफोनांमधला ट्रेबलचा (वरच्या सुरांचा) फरक आणि एकाच इअरफोनवरच्या दोन टिपांमधला फरक एकाच मापाचे आहेत. ‘याचा ट्रेबल त्याच्यापेक्षा सुधारलेला’ असं लिहिणाऱ्याने कोणती टिप लावली होती हे लिहिलं नसेल, तर त्या वाक्याचा दुसऱ्याला उपयोग नाही.

बीएल-०३ ची नळी आखूड, त्यामुळे सोबत आलेल्या टिपांनी तो अनेकांच्या कानात नीट बसत नाही; हे त्याच्याबद्दल पहिल्यापासून सांगितलं जातं. लांब दांड्याची टिप लावली की तो आत जातो. रेडमध्ये उलट आहे, नळी जाड. बारीक कान असलेल्याला तो दुखतो.

पुढच्या ऐकण्यासाठी पाचही जोड्यांना एकाच बनावटीच्या मध्यम तोंडाच्या टिपा लावल्या. रेडच्या नळीवर त्या ताणून बसतात, पण बसतात.

१९ जानेवारी

केबली बदलल्यावर सालनोट्समधून गायकाचा आवाज मधोमध येईना. डोक्याच्या दोन बाजूंना पसरल्यासारखा, बेस पातळ. २-पिनचा प्लग सपाट खोबणीत दोन्हीकडून जातो आणि एका बाजूला तो उलटा गेला होता. दोन्ही बाजूंची कला (फेज) एकमेकींच्या उलट झाली की खालचे सूर पातळ वाटतात. आरईडब्ल्यूच्या इम्पल्स आलेखात (एका क्षणिक ठोक्याला मिळणाऱ्या प्रतिसादात) हे लगेच दिसतं: एका बाजूचं पहिलं टोक वर जातं, दुसऱ्याचं खाली. प्लगवरच्या खुणा पुसट असतात, म्हणून नखपॉलिशचा ठिपका दिला.

अनेक जण नव्या केबलने ‘साउंडस्टेज रुंद झाला’, म्हणजे आवाज जास्त पसरला, असं मनापासून सांगतात. त्यांतल्या काहींचा प्लग उलटा असावा, असं मला आता वाटतं. मोनो रेकॉर्डिंग लावून आवाज मध्यभागी येतो का एवढं पाहायला अर्धा मिनिट पुरतो.

२५ जानेवारी

मैत्रिणीला ऐकायला बसवलं. ती गाणं शिकते, तिला ग्राफशी देणंघेणं नाही आणि कोणता इअरफोन कितीचा हेही माहीत नाही. डोळे मिटून बसायचं, मी कानात घालणार, तिने बोलायचं.

पहिलाच घातला तर म्हणाली, “अरे, हा लोखंडाचा आहे ना? गार लागतोय.” चू २ आणि बीएल-०३ दोन्ही धातूचे. म्हणजे आंधळी चाचणी तिथेच डोळस झाली. नंतर प्रत्येक जोडी थोडा वेळ मुठीत धरून गरम केली, तरी आकारावरून तिला कळायला लागलंच. रेडचं कवच मोठं, वान-अर हलका. कानात घालायच्या वस्तूची खरी आंधळी चाचणी अशी होत नाही. आजचं ऐकणं त्यामुळे अर्ध्या भरवशाचंच धरतो.

तरी तिने सांगितलेलं लिहून ठेवतो, कारण ते ग्राफशी जुळलं. नुसता तानपुरा लावला तेव्हा सालनोट्सवर जवारीचा झणकार सुटा ऐकू येतो म्हणाली, वान-अरवर तो गोल होतो आणि षड्ज पुढे येतो. सालनोट्समध्ये बेस हारमन कंपनीच्या २०१९ च्या आदर्श वक्रापेक्षा कमी आहे, वान-अरचा खालचा मध्य भरलेला आणि वरचा भाग उतरता; दोन्ही गोष्टी तिने न बघता सांगितल्या. तबल्यात डग्ग्याची घुमक बीएल-०३ वर मोठी, “पण ती गाणाऱ्याच्या अंगावर येते”. रेडवर घुमक आहे आणि आवाज मोकळा. रेडचा बेस अगदी खालून चढवलेला आहे आणि २०० हर्ट्झच्या आसपास लवकर सपाट होतो, त्याचा हा परिणाम. बीएल-०३ चा बेस मधल्या सुरांपर्यंत सांडतो.

एक मात्र मनापासून वाटतं. २०१९ ते २०२३ या चार वर्षांत स्वस्त इअरफोनांमध्ये काय झालं ते या पाच वक्रांत दिसतं. नवे चारही ३ किलोहर्ट्झच्या आसपास जिथे चढायला हवं तिथे चढतात, आणि एकमेकांच्या जवळून जातात. पूर्वी स्वस्तात हे दैवावर सोपवलेलं असायचं.

१ फेब्रुवारी

रेडच्या डब्यात १० ओहम रोधाची (विजेला अडथळ्याची) जोडकेबल येते. ती मध्ये घातली की बेस वाढतो. रेडमधल्या दोन ड्रायव्हरांमुळे त्याचा रोध सगळ्या सुरांना सारखा नाही. समजा एका पट्ट्यात १६ ओहम आहे आणि बेसच्या पट्ट्यात ३२. मध्ये १० ओहम घातले तर १६ वाल्या पट्ट्याची पातळी ४.२ डेसिबलने उतरते, ३२ वाल्याची २.४ नेच. आवाज पुन्हा जुळवला की ३२ वाला पट्टा जवळपास २ डेसिबलने वर आलेला ऐकू येतो. १ ओहमच्या आसपास असलेल्या डोंगलवर हाच फरक पाव डेसिबल, म्हणजे नसल्यात जमा.

एका जुन्या अँपच्या हेडफोन खोबणीला तेच रेड लावून मोजलं, तर जोडकेबल न लावताही वक्र बदललेला. त्या खोबणीमागे मोठा रोध आहे. चू २ त्याच खोबणीत लावला तर फक्त आवाज उतरला, वक्राचा आकार तोच राहिला. एका डायनॅमिक ड्रायव्हरचा रोध जवळपास सपाट असतो, त्याला मागचा अँप फारसा जाणवत नाही. ‘अँप बदलला आणि इअरफोन खुलला’ हे वाक्य ऐकलं की आधी इअरफोनात ड्रायव्हर किती आणि कोणते, हे विचारावं.

८ फेब्रुवारी

रोज वापरातल्या एका जोडीची उजवी बाजू दबकी वाटायला लागली. मोजलं तर २ किलोहर्ट्झच्या वर डावीपेक्षा खूप खाली. ही एका सुट्या जोडीची गोष्ट आहे, म्हणून मॉडेलचं नाव इथे घालत नाही. बारीक जाळी असलेल्या कोणत्याही इअरफोनला हे होऊ शकतं.

नळीच्या तोंडाशी ध्वनीला अडसर म्हणून मुद्दाम दाट जाळी लावलेली असते. ट्यूनिंगचा, म्हणजे आवाजाचा वक्र ठरवण्याचा, मोठा भाग त्या जाळीतच असतो. घाम किंवा कानातली वाफ तिच्या छिद्रांत साबणाच्या पाण्यासारखा पापुद्रा धरते आणि वरचे सूर अडतात. भिंगाखाली उजेड तिरका पाडला तर जाळी डावीकडे खरबरीत दिसत होती, उजवीकडे चकचकीत. टिप काढून सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डबीत रात्रभर ठेवली. सकाळी थोडं सुधारलं, पूर्ण नाही. घामाचं मीठ तसंच राहिलं होतं. शेवटी चिमट्याने जाळी काढून नवी चिकट जाळी लावली. पहिल्या नव्या जाळीने ट्रेबल डावीपेक्षा वर गेला, कारण ती विरळ होती. दाट लावली तेव्हा दोन्ही बाजू १ डेसिबलच्या आत आल्या. जाळ्यांचं पाकीट घेताना एकाच दाटपणाचं घेऊ नका.

चू २ मध्ये नळीच फिरवून काढता येते आणि जाळीसकट बदलता येते. या किमतीत मला ही सोय ड्रायव्हरच्या पडद्याच्या जाहिरातीपेक्षा मोलाची वाटते.

१५ फेब्रुवारी

आंधळ्या चाचणीचा दुसरा मार्ग. इअरफोन कानातून बदलायचेच नाहीत. कपलरमध्ये सालनोट्स बसवून गाण्याचा तुकडा वाजवला आणि माइकने रेकॉर्ड केला. तसाच वान-अरमधून. मग सालनोट्सला इक्यू (इक्वलायझर) लावून वान-अरच्या वक्रावर आणलं, ८ किलोहर्ट्झपर्यंतच, आणि तिसरं रेकॉर्डिंग. ही तिन्ही एकाच इअरफोनवर एबीएक्स पद्धतीने ऐकायची: दोन ओळखीची, तिसरं लपवलेलं, ते दोनांतलं कोणतं ते सांगायचं. हात, आकार, गारवा, काहीच मध्ये येत नाही.

पहिला प्रयत्न निकामी झाला. उत्तरं सगळी बरोबर यायला लागली आणि तेव्हाच शंका आली. रेकॉर्डिंग सुरू होण्याची जागा किंचित मागेपुढे होती, त्यामुळे बदलताना होणाऱ्या टिकटिकीवरूनच ओळख पटत होती. तिन्ही फाइली एकाच सँपलवर कापल्या, सुरुवात हळू चढवली, पातळी पुन्हा जुळवली.

त्यानंतर: इक्यू न लावलेला सालनोट्स आणि वान-अर लगेच वेगळे कळतात, तानपुऱ्यावर तर एका झटक्यात. इक्यू लावलेला सालनोट्स आणि वान-अर यांत गायन, तानपुरा, तबला या कशावरही उत्तरं अंदाजाच्या पुढे गेली नाहीत. झांजांवर गेली. ते ८ किलोहर्ट्झच्या वरचं, जिथे मी इक्यू लावलाच नव्हता. ‘तपशील’, ‘वेग’, ‘पोत’ म्हणून ज्याचं वर्णन होतं, त्यातलं निदान या दोघांपुरतं तरी बहुतेक वक्रातच होतं.

मैत्रिणीने तीच चाचणी वेगळ्या खोलीत, मी समोर नसताना दिली. तिलाही इक्यू लावलेला सालनोट्स आणि वान-अर यांतला फरक झांजांवरच कळला.

२२ फेब्रुवारी

तिला रियाजाला तानपुरा ऐकायला एक जोडी हवी होती. ग्राफवरून मी सालनोट्स सुचवला असता. तिने वान-अर घेतला. तिचा डावा कान अरुंद आहे, सालनोट्स तिथे सील धरत नाही आणि बेस गळून जवारी कर्कश होते. वान-अरला डावीकडे लहान आणि उजवीकडे मध्यम टिप लावली. ती माझ्यासमोर गायली, मी हळूच डावी बाजू दाबून पाहिली; तिला तानपुऱ्याचा खर्ज बदलल्यासारखा वाटला नाही, म्हणजे सील नीट आहे.

तिच्या फोनवर इक्यूचा एकच फिल्टर ठेवला आहे, २५० हर्ट्झला २ डेसिबल खाली. इतर पाच-सहा फिल्टर लावून बघितले आणि काढून टाकले.